वादळानंतरची उभारणी : अमेरिकेतील चर्च-स्वयंसेवकांची कार्यपद्धती

नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्या माणसाच्या मदतीला धावून जाणे हा कोणत्याही समाजाचा स्वाभाविक धर्म होय. तथापि धावून जाणे वेगळे आणि उद्ध्वस्त झालेले घर पुन्हा राहते होईपर्यंत तेथे टिकून राहणे वेगळे. पहिल्या आठवड्यात मदतीचा ओघ आवरत नाही, आणि दुसऱ्या वर्षी तेथे फारसे कोणी फिरकत नाही, हा जगातील बहुतेक आपद्‌ग्रस्त गावांचा अनुभव आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टोर्नेडो नावाच्या वादळांनी वरचेवर गावे उद्ध्वस्त होतात. तेथील चर्चशी संलग्न असलेल्या स्वयंसेवी संघटनांनी या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा विचार करून आपल्या कामाला जी शिस्त लावली, ती अभ्यासण्यासारखी आहे. आपत्ती निवारणाशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो अशा अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना या शिस्तीचा परिचय उपयुक्त ठरेल.

टोर्नेडोचे स्वरूप

उन्हाळ्यात आपल्याकडे माळरानावर उठणारी वावटळ सर्वांच्या परिचयाची आहे. धूळ आणि पाचोळा गरगर फिरवून ती क्षणात विरून जाते. टोर्नेडो दिसायला तिच्याच जातीचा वाटला तरी त्याची उत्पत्ती आणि शक्ती अगदी निराळी असते. प्रचंड गडगडाटी मेघातून खाली उतरलेला आणि जमिनीला टेकलेला हवेचा वेगाने फिरणारा स्तंभ म्हणजे टोर्नेडो. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उष्ण व दमट हवा आणि पश्चिमेच्या पर्वतमय प्रदेशाकडून येणारी कोरडी हवा यांची अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानात गाठ पडते. वरच्या थरांतील वाऱ्यांची दिशा व गती भिन्न असली म्हणजे मेघाला परिभ्रमण प्राप्त होते आणि त्यातून ही वादळे जन्माला येतात. त्या देशात वर्षाकाठी सरासरी एक हजाराहून अधिक टोर्नेडोंची नोंद होते. त्यांपैकी बहुसंख्य दुर्बल व अल्पजीवी असतात, परंतु जे थोडे प्रबळ असतात ते विटा-सिमेंटच्या इमारतीही उद्ध्वस्त करतात.

शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७१ साली नुकसानीच्या प्रमाणावरून टोर्नेडोची प्रत ठरविणारी श्रेणी तयार केली. तिची सुधारित आवृत्ती २००७ पासून अमेरिकेत वापरात आहे. शून्य ते पाच अशा या श्रेणीत पाचवी प्रत सर्वांत विध्वंसक असून तीत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटरपेक्षा अधिक मानला जातो.

समुद्रावरून येणारे चक्रीवादळ आणि टोर्नेडो यांतील एक भेद प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाची चाहूल आधी लागली होती, आणि त्यामुळे किनाऱ्यावरील लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यास अवधी मिळाला. टोर्नेडोच्या बाबतीत पूर्वसूचनेचा अवधी दिवसांचा नसतो, तासांचाही नसतो. तो मिनिटांत मोजावा लागतो. शिवाय नुकसानीचा पट्टा अरुंद असतो. रस्त्याच्या एका बाजूची घरे जमीनदोस्त होतात आणि दुसऱ्या बाजूच्या घरांच्या कुंड्याही हलत नाहीत, असे दृश्य तेथे आढळते. मदतकार्याचे स्वरूप या वस्तुस्थितीने ठरते. शेजारी शाबूत असतो, त्यामुळे मदतीला हात जवळच उपलब्ध असतात. प्रश्न उरतो तो त्या हातांना योग्य काम, योग्य वेळी आणि योग्य घरी मिळवून देण्याचा.

जॉप्लिन शहरावरील आपत्ती

मिसूरी राज्यातील जॉप्लिन हे सुमारे पन्नास हजार लोकवस्तीचे शहर. २२ मे २०११ रोजी, रविवारी सायंकाळी, पाचव्या प्रतीचा टोर्नेडो या शहरातून गेला. इशारा मिळाल्यापासून वादळ पोहोचेपर्यंत लोकांच्या हाती जेमतेम पंधरा-वीस मिनिटे होती. सुमारे १६० माणसे प्राणास मुकली आणि एक हजाराहून अधिक जखमी झाली. १९४७ नंतर त्या देशात एका टोर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी होत. सुमारे साडेसात हजार निवासस्थानांची हानी झाली. शहरातील एक मोठे रुग्णालय व माध्यमिक विद्यालय निकामी झाले. अनेक चर्चेही कोसळली. सेंट मेरीज या कॅथलिक चर्चची वास्तू नष्ट झाली, तिच्या जागी केवळ लोखंडी क्रूस उभा राहिला.

ज्यांनी मदत करावयाची त्यांचीच प्रार्थनास्थळे पडली होती, तरीही शाबूत उरलेल्या चर्चची सभागृहे त्याच रात्रीपासून निवारा केंद्रे आणि भोजनगृहे झाली. दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावच्या स्वयंसेवकांची रीघ लागली. पुढील काही वर्षांत जॉप्लिनमध्ये एक लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी नावे नोंदवून काम केले आणि त्यांच्या श्रमाचे तास दहा लाखांच्या वर गेले. त्यांतील फार मोठा भाग कोणत्या ना कोणत्या चर्चमार्फत आलेला होता.

एवढा मोठा समुदाय एका मध्यम आकाराच्या शहरात उतरल्यावर गोंधळ न होता काम झाले, याचे श्रेय त्या सायंकाळच्या आधीच्या साठ वर्षांत घडलेल्या परंपरेला द्यावे लागते.

परंपरेची घडण

कॅन्सस राज्यातील हेस्टन या छोट्या गावी १९५० साली मेनोनाइट पंथाच्या काही तरुणांनी एकत्र येऊन आपत्तीच्या वेळी शेजाऱ्यांना श्रमाची मदत करण्याचा संकल्प सोडला. मेनोनाइट हा शांततावादी पंथ आहे. युद्धात शस्त्र धरण्यास त्याचे अनुयायी नकार देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यांपैकी अनेक तरुणांनी सैन्याऐवजी नागरी सेवेची शिबिरे पत्करली होती. युद्ध संपल्यावर, शांततेच्या काळातही आपण देशबांधवांच्या उपयोगी पडावे, ही त्यांची भूमिका होती. त्यातून ‘मेनोनाइट डिझॅस्टर सर्व्हिस’ ही संघटना उभी राहिली. या पंथाचे लोक मुख्यतः शेतकरी, सुतार आणि गवंडी. एखाद्याचे कोठार जळाले तर सारा गाव मिळून ते उभारावयाचे, ही त्यांची जुनी रीत. आपल्याकडील इर्जिकीशी तिचे साम्य सहज लक्षात येईल. ती रीत त्यांनी आपल्या पंथाबाहेरील अनोळखी माणसासाठी लागू केली, हेच नवीन होते.

१९६७ साली टेक्सास राज्यात ब्यूला नावाचे चक्रीवादळ आले. त्या वेळी बॅप्टिस्ट पंथाच्या स्वयंसेवकांनी लहानशा शेगड्यांवर अन्न शिजवून आपद्‌ग्रस्तांना जेवू घातले. त्यातून पुढे ‘सदर्न बॅप्टिस्ट’ संघटनेची फिरती स्वयंपाकघरे निर्माण झाली. मोठ्या मालमोटारींवर बसविलेल्या या स्वयंपाकघरांतून दिवसाला हजारो जेवणे तयार होऊ शकतात. पिवळ्या सदऱ्यांमुळे त्यांचे स्वयंसेवक दुरूनही ओळखू येतात.

१९६९ च्या कॅमिल चक्रीवादळात मात्र या सदिच्छेचा दुसरा पैलू उघड झाला. अनेक संस्था मदतीला गेल्या, परंतु एकमेकींची माहिती नसल्याने काही ठिकाणी तेच काम दोनदा झाले आणि काही ठिकाणी कोणीच पोहोचले नाही. या अनुभवातून १९७० साली सात संस्थांनी एकत्र येऊन आपत्तीत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची राष्ट्रीय समन्वय परिषद स्थापन केली. ही परिषद स्वतः मदतकार्य करीत नाही. आपत्ती येण्यापूर्वी संस्थांनी परस्परांची ओळख करून घ्यावी आणि कामे वाटून घ्यावीत, एवढाच तिचा उद्देश. पुढे राज्य पातळीवरही अशा परिषदा उभ्या राहिल्या.

कामाची वाटणी

या समन्वयाचे सर्वांत ठळक फळ म्हणजे कामाची विभागणी. प्रत्येक पंथाने सर्व कामे करावयाची नाहीत, एकेका कामात प्रावीण्य मिळवावयाचे, असा संकेत रूढ झाला. बॅप्टिस्ट संघटना स्वयंपाक करते, तेथे तयार झालेले अन्न रेड क्रॉसची वाहने वस्त्यावस्त्यांत पोहोचवितात. पडलेली झाडे यांत्रिक करवतींनी कापून वाट मोकळी करण्यासाठीही त्यांची प्रशिक्षित पथके असतात. ‘सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट’ पंथाची सेवा संस्था दान म्हणून आलेल्या वस्तूंचे कोठार सांभाळते. चर्च ऑफ द ब्रदरेन या पंथाने १९८० पासून आपद्‌ग्रस्त बालकांसाठी स्वतंत्र सेवा चालविली आहे. आईवडील मदतीचे अर्ज भरण्यात गुंतलेले असता मुलांना सुरक्षित जागी खेळविणे, हे तिचे काम. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सेवेचे महत्त्व, रांगेत कडेवर मूल घेऊन तासन्‌तास उभ्या राहिलेल्या मातेला विचारावे. ख्रिश्चन रिफॉर्म्ड पंथाच्या संस्थेने घरोघर जाऊन गरजांची पाहणी करण्यात नाव मिळविले. युनायटेड मेथडिस्ट पंथाच्या मदत समितीने कुटुंबनिहाय पाठपुराव्याचे प्रशिक्षण आपल्याकडे घेतले, आणि मेनोनाइट संघटनेने दीर्घकालीन घरबांधणीत अधिक लक्ष घातले.

वस्तूंच्या कोठाराचा वर उल्लेख आला. त्याची आवश्यकता का भासते हे समजून घेण्यासारखे आहे. आपत्तीची वार्ता पसरताच लोक जुने कपडे आणि नको असलेल्या वस्तू गाड्या भरभरून पाठवितात. त्या उतरविण्यास माणसे लागतात, निवडण्यास जागा लागते आणि पावसात भिजल्या म्हणजे त्यांची विल्हेवाट लावण्यास पुन्हा खर्च येतो. अमेरिकेतील अनुभवी कार्यकर्ते या अनाहूत दानाला ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात. गरज विचारून दिलेले दान आणि घर रिकामे करण्यासाठी दिलेले दान यांतील फरक दात्यांना समजावून सांगणे, हेही स्वयंसेवी कार्यच ठरते.

नोंदवहीचे सामर्थ्य

कोणत्याही संस्थेचे नसलेले, केवळ तळमळीने धावून आलेले लोक हा प्रत्येक आपत्तीतील नाजूक प्रश्न असतो. त्यांना परत पाठविणे योग्य नाही आणि मोकाट सोडणेही सुरक्षित नाही. ढिगाऱ्यात खिळे असतात, तुटलेल्या विद्युत वाहिन्या असतात, गळणारे इंधनवायूचे नळ असतात. जॉप्लिनमध्ये तेथील विद्यापीठाच्या आवारात स्वयंसेवक स्वागत केंद्र उघडण्यात आले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या धर्तीवर चालणाऱ्या ‘अमेरिकॉर्प्स’ या शासनपुरस्कृत योजनेच्या तरुणांनी त्याची व्यवस्था पाहिली. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहिले जाई. त्याला कोणते काम येते हे विचारून सुरक्षेच्या सूचना दिल्या जात, आणि मगच त्याची रवानगी ठरावीक ठिकाणी होई.

या नोंदीचा आर्थिक लाभही मोठा झाला. अमेरिकेत मोठ्या आपत्तीनंतर ढिगारा उपसणे, तातडीचे संरक्षण इत्यादी कामांचा किमान ७५ टक्के खर्च केंद्र शासन देते. उरलेला वाटा राज्य आणि स्थानिक संस्थांनी उचलावयाचा असतो. ज्या नगरपालिकेची निम्मी करवसुली वादळाने नेली तिने हा वाटा कोठून आणावा? केंद्रीय नियमांत त्यासाठी तरतूद आहे. स्वयंसेवकांनी पात्र कामासाठी दिलेल्या तासांचे मूल्य, तशाच कामाच्या स्थानिक मजुरीच्या दराने काढून, ते स्थानिक वाट्यात जमा धरता येते. दान मिळालेले साहित्य आणि यंत्रसामग्री यांनाही ही सवलत लागू असते. मात्र अट एकच : कोणी, कोणत्या दिवशी, कोठे, कोणते काम किती तास केले याची लेखी नोंद पाहिजे. जॉप्लिनने या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या आणि स्वयंसेवकांचा घाम शहराच्या हिशेबात रोख रकमेसारखा जमा झाला. ज्या गावांत असे कागद ठेवले जात नाहीत तेथे तेवढेच श्रम होऊनही त्यांचे मोल गावाच्या पदरात पडत नाही.

ज्यांच्यापर्यंत मदत पोहोचत नाही

ढिगारा हलला, वीज आली, शाळा सुरू झाल्या की आपत्ती संपली असे बाहेरच्यांना वाटते. वास्तविक खऱ्या अडचणीचा काळ तेव्हा सुरू होतो. ज्यांच्या घराचा पुरेसा विमा होता ते विम्याच्या रकमेतून घर बांधतात. ज्यांची पत आहे त्यांना शासनाचे कमी व्याजाचे कर्ज मिळते. मागे राहतात ते विमा नसलेले वृद्ध, अपंग, एकट्या स्त्रिया, अल्प वेतनावरील कामगार. केंद्रीय आपत्ती यंत्रणेकडून एका कुटुंबास मिळू शकणारे अनुदान २०११ साली कमाल ३०,२०० डॉलर होते आणि प्रत्यक्षात अनेकांना त्याहून कमी रक्कम मिळे. एवढ्यात अमेरिकेत नवे घर उभे राहत नाही. अनुदानाचा हेतूही संपूर्ण भरपाईचा नसून तात्पुरता आधार देण्याचा असतो.

या उरलेल्या कुटुंबांसाठी आपद्‌ग्रस्त भागात ‘दीर्घकालीन पुनरुभारणी समिती’ स्थापन केली जाते. तीत स्थानिक चर्च, सेवा संस्था, व्यापारी आणि स्थानिक शासनाचे प्रतिनिधी असतात. प्रत्येक कुटुंबामागे एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमला जातो. तो कुटुंबाची कागदपत्रे गोळा करतो. विमा, अनुदान, कर्ज यांपैकी काय मिळाले आणि काय नाकारले गेले हे तपासतो. नकार चुकीचा असेल तर अपील करण्यास मदत करतो. सर्व मार्ग संपल्यावर जी गरज शिल्लक राहते ती तो समितीपुढे मांडतो. या बैठकीत कुटुंबाचे नाव सहसा सांगितले जात नाही, प्रकरण क्रमांकाने चर्चा होते. मदत घेणाऱ्याची गावभर वाच्यता होऊ नये आणि ओळखीपाळखीवरून निर्णय होऊ नये, हे दोन्ही हेतू त्याने साधतात. मग एक संस्था लाकूड देते, दुसरी छताचे पत्रे वा कौले देते, तिसरी रोख रक्कम देते आणि चौथी श्रम देते. चार ठिकाणांहून आलेल्या चार वाट्यांतून एक घर पुरे होते.

या पद्धतीला शासनाची मान्यताही मिळत गेली. २००५ च्या कॅट्रीना चक्रीवादळानंतर मेथडिस्ट मदत समितीच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी विस्थापित कुटुंबांच्या पाठपुराव्याचे मोठे काम केले, आणि २००६ च्या कायद्याने अशा सेवेसाठी केंद्रीय निधीची तरतूद झाली.

श्रम देणाऱ्यांचा दिनक्रम

घरबांधणीसाठी येणारे स्वयंसेवक बहुधा एका आठवड्यासाठी येतात. प्रवासखर्च सहसा स्वतःचा असतो. निवास एखाद्या चर्चच्या तळघरात, सभागृहात किंवा शाळेत, आणि भोजन सामुदायिक. काही अनुभवी कारागीर आणि व्यवस्थापक मात्र महिनोन्‌महिने तेथेच राहतात. दर आठवड्याला येणाऱ्या नवख्या मंडळींना कामाला लावणे आणि कामात सातत्य राखणे ही त्यांची जबाबदारी. शेतीची कामे नसलेल्या हिवाळ्यात शेतकरी येतात, सुट्टीत विद्यार्थी येतात, निवृत्त सुतार आणि वीजतंत्री वर्षभर येतात. वीजजोडणी व नळजोडणीसारखी परवान्याची कामे परवानाधारकानेच करावयाची आणि नगरपालिकेच्या निरीक्षकाने तपासल्यावाचून पुढे जावयाचे नाही, असा नियम असतो. सेवा विनामूल्य आहे म्हणून दर्जात सूट मिळत नाही.

जॉप्लिनमध्ये वादळानंतर बांधकामाचे नियम अधिक कडक करण्यात आले. छत भिंतीला आणि भिंत पायाला धातूच्या पट्ट्यांनी व बोल्टांनी अधिक घट्ट जखडणे आवश्यक ठरले. पाचव्या प्रतीच्या टोर्नेडोपुढे सामान्य घर टिकणार नाही हे खरे. तथापि बहुतेक टोर्नेडो त्याहून दुर्बल असतात आणि मोठ्या वादळाच्या कडेलाही वाऱ्याचा जोर कमी असतो. अशा वेळी काही डॉलर किमतीची पट्टी छत वाचवू शकते. पूर्वी होते तसेच घर बांधून देणे म्हणजे पुढच्या आपत्तीची तयारी करून ठेवणे, हा धडा या संघटनांनी घेतला आहे.

२००७ साली कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग हे सुमारे चौदाशे वस्तीचे गाव ४ मे रोजी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. सुधारित श्रेणीनुसार पाचवी प्रत मिळालेला तो पहिला टोर्नेडो. गाव पुन्हा वसवावयाचे की नाही, असाच प्रश्न होता. रहिवाशांनी सभा घेऊन गाव पुन्हा वसविण्याचा आणि ऊर्जेची बचत करणाऱ्या इमारती बांधण्याचा निर्णय केला. मेनोनाइट व इतर स्वयंसेवक तेथे काम करीत राहिले, परंतु गाव कसे असावे हे गावाने ठरविले. बाहेरून आलेल्याने हात द्यावेत, आराखडा देऊ नये, हे तत्त्व तेथे पाळले गेले.

श्रद्धा आणि सेवा यांची मर्यादा

धार्मिक संस्थांकडून मदत घेताना एक शंका स्वाभाविकपणे मनात येते. संकटात सापडलेल्या माणसाच्या असहायतेचा उपयोग धर्मप्रसारासाठी होणार नाही ना? ही शंका अमेरिकेतही विचारली गेली. राष्ट्रीय समन्वय परिषदेच्या सदस्य संस्थांनी यासंबंधी लेखी आचारतत्त्वे मान्य केली आहेत. मदत गरजेनुसार द्यावी, धर्म, वंश अथवा राष्ट्रीयत्व पाहू नये, आणि मानसिक वा आध्यात्मिक आधार देताना आपद्‌ग्रस्ताच्या दुर्बल अवस्थेचा स्वतःच्या पंथासाठी लाभ उठवू नये, असा त्यांचा आशय आहे. स्वयंसेवक आपली श्रद्धा लपवीत नाहीत. मेनोनाइट संघटनेत नवे घर सुपूर्द करताना छोटी प्रार्थना होते, आणि अनेकदा पंथातील स्त्रियांनी हाताने शिवलेली गोधडी भेट दिली जाते. परंतु घर मिळण्यासाठी प्रार्थनेला उपस्थित राहण्याची अट नसते. सेवेमागील प्रेरणा सेवा करणाऱ्याची खाजगी बाब आहे. तिचे बिल सेवा घेणाऱ्याच्या नावे फाडता येत नाही, ही या व्यवहारातील लक्ष्मणरेषा होय.

उणिवा

या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. ज्या शहराची छायाचित्रे वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर झळकतात तेथे स्वयंसेवकांची दाटी होते, आणि त्याच दिवशी उद्ध्वस्त झालेली दूरची वस्ती उपेक्षित राहते. भाडेकरूंचा प्रश्न अधिक बिकट आहे. घर त्यांच्या मालकीचे नसल्याने स्वयंसेवक ते बांधून देऊ शकत नाहीत. घरमालकाने पुन्हा बांधले तर वाढीव भाडे त्यांना परवडत नाही, आणि न बांधले तर त्यांना गाव सोडावे लागते. विनामूल्य श्रमामुळे स्थानिक गवंडी-सुतारांची मजुरी बुडते, अशी तक्रारही होते. म्हणून ज्याला मजुरी देणे शक्य आहे त्याच्या घरी स्वयंसेवक पाठवू नयेत, असा दंडक समित्या घालतात.

१० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकी राज्यातील मेफील्ड हे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव टोर्नेडोने उद्ध्वस्त केले. जुनी चर्चे, न्यायालयाची इमारत आणि बाजारपेठ नष्ट झाली. परिसरातील आमिश पंथाचे शेतकरी लगोलग ढिगारे उपसण्यास आले आणि पाठोपाठ इतर पंथांची पथके आली. दशकापूर्वी जॉप्लिनमध्ये जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती. भाडेकरूंचा आणि स्वस्त घरांच्या टंचाईचा प्रश्नही तेथे तसाच उभा राहिला. स्वयंसेवक घरे बांधू शकतात, गृहनिर्माणाचे धोरण आखू शकत नाहीत. ते काम शासनाचेच राहते.

आपल्या दृष्टीने बोध

महाराष्ट्राला पुनर्वसनाचा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावांचे पुनर्वसन नव्या जागी झाले. त्याखेरीज फार मोठ्या संख्येने घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण जुन्या जागीच, घरमालकांच्या सहभागाने, करण्यात आले. शासन, स्वयंसेवी संस्था आणि ग्रामस्थ एकत्र आल्यावर काय होऊ शकते हे त्या वेळी दिसले. अमेरिकेतील परिस्थिती, संपत्ती आणि कायदे निराळे आहेत. तेथील पद्धत जशीच्या तशी उचलण्याचा प्रश्न नाही. परंतु काही गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

पहिली गोष्ट ओळखीची. गावात आणि तालुक्यात कोणते मंडळ, कोणते देवस्थान, कोणती संस्था कोणते काम करू शकेल, याची यादी संकट येण्यापूर्वी तयार असावी. अन्नछत्र चालविणाऱ्या देवस्थानाला स्वयंपाकाचा अनुभव असतो, तरुण मंडळाकडे हात असतात, शाळेकडे जागा असते. ज्याला जे येते ते त्याच्याकडे सोपविले तर ओढाताण टळते.

दुसरी गोष्ट नोंदीची. मदतीला आलेल्या प्रत्येकाचे नाव, काम आणि वेळ लिहून ठेवणारी एक वही आणि ती लिहिणारा एक जबाबदार माणूस, एवढ्याने सुरक्षितता राखली जाते आणि हिशेबही स्वच्छ राहतो. शिक्षकांना हे काम उत्तम करता येईल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मागे राहिलेल्यांची. सातबारावर नाव नसलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, कागद वाहून गेलेला, कचेरीत जाऊन बोलण्याचे धैर्य नसलेला माणूस प्रत्येक गावात असतो. मदतवाटप संपल्यावर सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि दोन वर्षांनी ग्रामसभेने एकच प्रश्न पटलावर घ्यावा : कोणाचे घर अजून अपुरे आहे? उत्तरात एक जरी नाव आले तरी पुनर्वसन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

वादळ काही मिनिटांत येते आणि जाते. त्याने पाडलेले घर उभे राहण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तेवढा काळ त्या घराकडे लक्ष ठेवणारे कोणीतरी असणे, ही गावाची खरी संपत्ती होय. ही संपत्ती संकट आल्यावर जमविता येत नाही. सुखाच्या दिवसांत, परस्परांच्या ओळखीतून आणि छोट्या कामांच्या सवयीतून ती साठवून ठेवावी लागते.